मारिओची फळी: लोटस 79, आठवा आठवडा

मंडळी, लोटस 79 या रेसिंग गाडीच्या मॉडेलवर काळा रंग अखेर बसला. जुलैत मारलेला थर दमट हवेने दुधाळ पडला होता. तो वॉटर पेपरने पाण्यात घासून काढला, सलग तीन दिवस कडक ऊन पडेपर्यंत थांबलो आणि मग पाच पातळ हात मारले. आता खिडकीचे गज बॉडीवर स्वच्छ दिसतात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: या फळीवर रेसिंग ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्तीच्या तीन गाड्यांची मॉडेल्स यायची आहेत. 1967ची डेटोना 500 ही शर्यत जिंकलेली 11 नंबरची फोर्ड फेअरलेन झाली. 1969ची इंडी 500 शर्यत जिंकलेली हॉक अजून फोटोंतच आहे. आणि ही 1978च्या फॉर्म्युला वन जगज्जेतेपदाची लोटस, टामिया कंपनीचा 1:20 मापाचा किट. या तिन्ही गोष्टी जिंकणारा दुसरा ड्रायव्हर आजवर झालेला नाही. शिवाय सेब्रिंगची 12 तासांची शर्यत त्याने तीनदा जिंकली आणि पाइक्स पीकच्या घाटातली चढाईची शर्यतही. इटलीतल्या लुक्काच्या निर्वासित छावणीत वाढलेला, 1955 साली अमेरिकेत आलेला हा मुलगा मातीच्या ट्रॅकवर सुरुवात करून इथवर पोचला, म्हणून तर फळी त्याच्या नावाची.

हा आठवडा गेला गाडीच्या पोटाखाली. 79ची करामत तिथेच आहे. साइडपॉडची, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांची, खालची बाजू उलट्या पंखासारखी वळलेली, तिथून हवा वेगाने जाते, दाब घटतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. कडेने हवा आत शिरू नये म्हणून रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे स्कर्ट. मागे हवेची वाट मोकळी राहावी म्हणून एक्झॉस्टचे पाइपही वर घेतलेत. किट जोडताना हे बोटांना कळतं, फोटोत कळत नाही. डावा स्कर्ट कापताना तुटला, तो पातळ प्लास्टिक शीटमधून नवा कापला. हे सगळं दिसावं म्हणून स्टँडवर आरसा बसवतोय. जगज्जेतेपदाच्या मालिकेतल्या तिच्या पहिल्याच शर्यतीत, बेल्जियममधल्या झोल्डरला, आंद्रेत्ती पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून सुटून, जिंकला होता.

जेतेपद ठरलं ते इटलीतल्या मोन्झाला. त्याच शर्यतीच्या सुरुवातीला लोटस संघातला त्याचा जोडीदार रॉनी पीटरसनचा अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या दिवशी रॉनीच्या हाती जुनी लोटस 78 होती. 6 नंबरची ती गाडीही शेजारी ठेवायचं ठरवलंय. मला ही गाडी एकटी पाहवत नाही.

आता सोनेरी रेषांचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर. नाकाकडून सुरुवात करतोय. कोमट पाणी, खाली साबणाच्या पाण्याचा एक थेंब म्हणजे रेष सरकवता येते, आणि बुडबुडा राहिला तर सुईचं टोक. उजवी बाजू झाली आहे.