शेंगदाणा, सेल आणि कापूर

सहा-सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. वस्तू ओळखायची त्याची हीच रीत असते, आणि ती पुढे दोन-तीन वर्षं तरी सुटत नाही. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. त्याचा हात पोचतो तिथे काय ठेवायचं, हे मात्र आपण ठरवू शकतो.

तरीही काही गेलंच तोंडात, तर घराघरांत एकच धावपळ दिसते: घशात बोट घाल, मिठाचं पाणी पाजून उलटी काढ, नाहीतर केळं भरव. हे तिन्ही उपाय विसरा. गेलेली वस्तू कोणती, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी शेंगदाणा, कारण तो आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. दुसऱ्या दाढा येईपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षांपर्यंत, मुलाला दाणा नीट चावता येत नाही. पुढच्या दातांनी त्याच्या दोन डाळी होतात, तेवढ्यात मूल हसतं किंवा रडतं, श्वास आत ओढतं आणि डाळ श्वासनलिकेत जाते. जोराचा ठसका लागतो, चेहरा लाल होतो, मग सगळं शांत. घरच्यांना वाटतं, गिळला गेला. पण डाळ खाली फुप्फुसाच्या फांदीत, बरेचदा उजवीकडच्या, जाऊन बसलेली असते. तिथल्या ओलाव्याने ती फुगते, तिच्यातल्या तेलाने आजूबाजूचा भाग सुजतो. चार दिवसांनी खोकला, ताप, एकाच बाजूला घरघर. एक्स-रेत दाणा स्वतः दिसत नाही, म्हणून दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधं सुरू होतात. ‘दाणे खाताना ठसका लागला होता’ हे वाक्य डॉक्टरांना सांगणं फार मोलाचं आहे. त्यावरूनच त्यांना दुर्बिणीने श्वासनलिका तपासायचं सुचतं.

म्हणून चार वर्षांपर्यंत अख्खे दाणे, फुटाणे, भाजके चणे, मक्याच्या लाह्या नकोत. चिवड्यातले दाणे वेचून काढा. दाण्याचं कूट भाजीत, खिचडीत खुशाल घाला. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. आडवी चकती घशात बुचासारखी बसते. सीताफळ, चिकू, खजूर बिया काढूनच.

घशात अडकलंय पण मूल जोरात खोकतंय, आवाज निघतोय, तर त्याला खोकू द्या. बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी आत जाते. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर मात्र थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, पाच दाब. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून. या वयात पोटावर दाबायचं नाही, यकृताला इजा होते. वर्षापुढच्या मुलाला पाठीत पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटका. दुसऱ्या माणसाने तोवर १०८ लावावा. मूल निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

आता बटण सेल, म्हणजे बटणासारखी चपटी गोल बॅटरी. वजनकाट्यात, छोट्या रिमोटमध्ये, दिवाळीच्या विजेच्या पणत्यांत, गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत असतो तो. त्यातला सीआर २०३२ सर्वांत घातक: व्यास २० मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो नेमका अडकतो. सेल फुटून विष बाहेर येतं, असा समज आहे. खरं कारण वेगळं. ओल्या अन्ननलिकेतून वीज वाहू लागते, ऋण बाजूला दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका जळायला लागते. ‘संपलेला’ सेलही हे करतो. लाळ गळणं, घास नाकारणं, खोकला अशी लक्षणं दिसतात, कधी काहीच दिसत नाही. एक्स-रेत तो नाण्यासारखाच दिसतो, फक्त कडेला दुहेरी वर्तुळ असतं.

शंका आली तरी निघा, दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात. मूल वर्षापुढचं असेल, नीट गिळत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध चाटवा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात वेळ मात्र घालवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही. दुसरं काही खायला-प्यायला नको, केळं तर नकोच. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळूनच टाका.

कापराचं भय मला सर्वांत जास्त वाटतं, कारण तो देवघरात असतो. पांढरी वडी, खडीसाखरेसारखी, आणि देवापुढचं पांढरं गोड हातावर मिळतं हे मुलाला ठाऊक असतं. एक ग्रॅमच्या आसपास कापूरही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. काही मिनिटांतच आकडी येऊ शकते, म्हणून उलटी काढायची नाही. उलटी होताना आकडी आली तर ती फुप्फुसात जाते. सर्दीसाठी गळ्यात बांधलेली कापराची पुरचुंडी बाळ चोखतं. ती बांधूच नका, कापराचं तेलही बाळाच्या छातीला चोळू नका. पूजेचं तबक आरती झाली की वर.

रॉकेल आणि थिनर यांनाही उलटी नाही. पोटातल्यापेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त घात करतं. फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका.

गोळ्यांत दोन लक्षात ठेवा. गरोदरपणातल्या लाल लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. दहा किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर विषबाधा गंभीर होते. सुरुवातीच्या उलट्या थांबून मूल काही तास बरं वाटतं, त्यावर विसंबू नका. आणि आजोबांच्या मधुमेहाची काही औषधं अशी, की एका गोळीनेही मुलाची साखर धोकादायक उतरते.

रुग्णालयात जाताना पाकीट किंवा बाटली बरोबर घ्या, उरलेल्या गोळ्या मोजा, मुलाचं वजन आणि किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहा.