फिजीला येताय? निम्मे दिवस मोठ्या बेटासाठी ठेवा

साधारण मार्च उजाडला की ओळखीपाळखीच्यांचे मेसेज सुरू होतात, ‘मे महिन्यात फिजीला यायचं म्हणतोय, काय काय बघायचं?’ बहुतेकांच्या डोक्यात विमानतळावरून बोट, बोटीतून बेट, बेटावर पाच रात्री आणि परत, असा मालदीवचा नकाशा असतो. ज्यांना नुसतं लोळायचंय त्यांनी खुशाल तसं करावं. पण इतक्या लांब, इतके पैसे घालून येणार असाल तर निम्मे दिवस तरी विटी लेवू या मोठ्या बेटावर काढा. याच बेटावर, राजधानी सुव्यात संसार मांडल्यापासून माझं हे मत पक्कं होत गेलंय.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर फिजीला आगाऊ व्हिसा लागत नाही, विमानतळावर शिक्का मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी हवं. खरी मेख वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही. सिडनी किंवा ऑकलंडवरून स्वस्त तिकीट दिसलं म्हणून पटकन घेऊ नका, तिथे नुसतं विमान बदलायलाही आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो. सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून या, तिथून दहाएक तासांत नांदी. आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं असली की सामान घ्यायला मधेच बाहेर यावं लागतं, आणि मग तिथला व्हिसा कुठून आणणार?

विमानतळाच्या गावाचं स्पेलिंग वाचून ‘नाडी’ म्हणू नका, नांदी म्हणा. फिजियन लिपीत अशा गमती बऱ्याच आहेत. ज्या बेटांना सगळे जातात ती मामानुथा आहेत, मामानुका नव्हेत. टॅक्सीवाला समजून घेतो म्हणा.

हवामानाबाबतीत मात्र आपली मे महिन्याची सुट्टी अगदी जुळून येते. मे ते ऑक्टोबर इथला कोरडा, जरा गार मोसम. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, उकाडा आणि चक्रीवादळं. २०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या विन्स्टनने ४४ बळी घेतले. लोक अजून ‘विन्स्टनच्या आधी’ आणि ‘विन्स्टननंतर’ असं बोलतात. त्यामुळे नाताळच्या सुट्टीतलं स्वस्त पॅकेज दिसलं तर ते स्वस्त का आहे, हे लक्षात घ्या. जून-जुलैत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शाळांना सुट्ट्या लागतात आणि दर चढतात, म्हणून मेच बरा.

त्यातही कुठे राहता यावर बरंच अवलंबून आहे. विटी लेवूच्या मध्यावर डोंगर आहेत. आग्नेयेकडून येणारे वारे त्यांना अडतात आणि सगळा पाऊस आमच्या सुव्याच्या बाजूला ओततात. पलीकडे नांदी-लाउतोका तुलनेने कोरडी. कोकण आणि देश, फक्त दिशा उलट्या. सुव्यात छत्री दाराशीच टांगलेली असते आणि चामड्याच्या चपलांना बुरशी येते.

नांदीहून सुव्याला जाणारा क्वीन्स रोड १९० किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी भाड्याने घेता येते, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. पण एकदा तरी साध्या बसने जा. एक्स्प्रेस नव्हे, गावोगाव थांबणारी. तिच्या खिडक्यांना काचाच नसतात. सर आली की सगळे प्रवासी उठून आपापल्या बाजूची ताडपत्री खाली सोडतात, ऊन पडलं की पुन्हा गुंडाळून वर बांधतात, आणि हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. वाटेत ऊस दिसतो, उसाचे अरुंद रूळ दिसतात, गाळपाच्या दिवसांत रस्ता अडवून उभी असलेली उसाची आगगाडीही दिसते. सिंगाटोकाजवळ वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे उतरायला हरकत नाही. पाण्याची बाटली मात्र सोबत हवीच, सावली कमी आहे.

हा ऊस आपल्या माणसांनी लावला. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर करारावर इथे आणले गेले. करार म्हणजे ‘अ‍ॅग्रीमेंट’, त्याचं झालं गिरमिट, आणि ते गिरमिटिये. बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश-बिहारकडचे, नंतर दक्षिणेतलेही. मराठी घरं माझ्या माहितीत बोटांवर मोजण्याइतकी. पण तुमची मोडकी हिंदी इथे मजेत चालते, दुकानदार चार शब्द ऐकूनच ‘इंडिया से?’ विचारतो. सुव्याच्या थर्स्टन गार्डनमधल्या फिजी म्युझियममध्ये या मजुरांचं दालन आहे. तिथेच खलाशांच्या बंडामुळे गाजलेल्या ‘बाउंटी’ जहाजाचं सुकाणू आणि १८६७ मध्ये मारून खाल्लेल्या थॉमस बेकर या मिशनऱ्याच्या बुटाचे अवशेषही आहेत. मुलांना नेलंत तर ती बुटापासून हलत नाहीत.

खाण्याचं कोडं शाकाहाऱ्यांना वाटतं तेवढं अवघड नाही. बसस्टँडवर रोटी पार्सल मिळतं: पातळ रोटीत बटाटा किंवा डाळीची भाजी गुंडाळलेली. बाजारात भेंडी, वांगी, कोथिंबीर, मिरच्या सगळं आहे. अळू तर जिकडे तिकडे. कंदाला ‘दालो’ म्हणतात, पानांची नारळाच्या दुधातली भाजी म्हणजे ‘रोरो’, आणि ती फदफद्याच्या वाटेने जाणारी असली तरी चिंच-गूळ नाही. एक सावधगिरी: ‘पालुसामी’ हा अळूच्या पानांचाच प्रकार, दिसायला निष्पाप, पण त्यात पुष्कळदा डब्यातलं गोमांस घालतात. आधी विचारा. लांबच्या बेटांवर शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच लेखी कळवा. आयत्या वेळी सांगितलंत तर चिप्स आणि पपई वाट्याला येते.

एखाद्या इतौकेई, म्हणजे मूळ फिजियन, गावात जाण्याचा योग आला तर रिकाम्या हाती जाऊ नका. बाजारातून यंगोनाच्या, म्हणजे कावाच्या, मुळांची जुडी घ्या, दुकानदार कागदात नीट बांधून देतो. ती गावच्या मुखियाला दिली की तुम्ही पाहुणे झालात. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पोहण्याच्या कपड्यात गावातून फिरायचं नाही. आपल्याकडे लहान मूल दिसलं की डोक्यावरून हात फिरवायची सवय असते, ती इथे आवरा. डोक्याला हात लावणं असभ्य समजतात. मग चटईवर मांडी घालून बसायचं. करवंटीत मातकट पाणी समोर येतं. एक टाळी, ‘बुला’, एका दमात घोट, मग तीन टाळ्या. चव चिखलमिश्रित काढ्याची आणि जीभ थोडी बधिर होते, दारूसारखी झिंग नाही. पहिली करवंटी नाकारू नका, दुसरीला हसून ‘अर्धी’ म्हटलेलं चालतं.

इथली बहुतांश जमीन इतौकेई कुळांच्या सामायिक मालकीची आहे आणि किनाऱ्यालगतच्या समुद्रावरही त्यांचे परंपरागत मासेमारीचे हक्क असतात. म्हणून निर्मनुष्य दिसलेल्या किनाऱ्यावर परस्पर गाडी वळवून डबा उघडू नका. जवळच्या घरी विचारा. नाही म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

राहिली बेटं. मामानुथा जवळ, यासावा लांब. बोटी नांदीजवळच्या देनाराउ बंदरातून सकाळी सुटतात, त्यामुळे दुपारी किंवा रात्री उतरत असाल तर नांदीत एक मुक्काम धरा. मेमध्ये यासावांकडे मांटा रे मासे यायला लागतात, पोहता येत असेल तर हे चुकवू नका. प्रवाळावर अनवाणी चालू नका: पाय कापतो, जखम चिघळते, शिवाय दगडमासा दगडासारखाच दिसतो. प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीजवळ पाण्याची ओढ जबरदस्त असते, तिथे माहितगाराशिवाय उतरायचं नाही.

मलेरिया फिजीत नाही, डेंग्यू आहे, तेव्हा डासांचं मलम आणा. प्लगला ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या तिरक्या पट्ट्या लागतात. फिजी डॉलरचा हिशोब साधारण चाळीस रुपयांनी करा. रविवारी चर्चचा दिवस, बसेस तुरळक आणि बरीच दुकानं बंद, म्हणून शनिवारीच खरेदी उरका.

आणि सामानात खाऊ असेल तर उतरल्यावरच्या फॉर्मवर तो लिहा, सगळा. तूप, दुधाची मिठाई, मध, फळं, बिया यांच्या बाबतीत ते कडक आहेत, घरगुती डबा जप्तही होतो. लिहून दाखवलंत तर फार तर वस्तू जाते, लपवलीत तर दंड बसतो. मला काही आणायचंच असेल तर कंपनीचं पाकीटबंद गोडा मसाल्याचं पुडकं आणा, बिलासकट, आणि तेही फॉर्मवर लिहा.