एक्केचाळिसावी खुर्ची

"एक जण बसा, एक जण थांबा."

मालकीणबाईंनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला थट्टाच वाटली. अंगण ऐसपैस, घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या मला दिसत होत्या, आणि आम्ही मोजून दोघं. पण आत 39 माणसं बसली होती आणि त्यांना 40च बसवता येतात.

जर्मनीत मोझेल नदीच्या काठी वाइन करणाऱ्या शेतकऱ्याला हॉटेलचा परवाना न काढता स्वतःच्या घरी गिऱ्हाइकं बसवता येतात. त्याला म्हणतात स्ट्राउसविर्टशाफ्ट. वर्षातून जास्तीत जास्त 4 महिने, वाइन घरचीच, खायला साधंसुधं, जागा 40. उघडं असलं की दारावर फांद्यांचा जुडगा टांगायचा, तोच तो 'स्ट्राउस'. वाचायला किती छान! दारात उभं राहिलं की कळतं. चाळिसाव्या खुर्चीवर बसणारा माणूस आणि एक्केचाळिसाव्यावर बसणारा माणूस यांत नक्की काय फरक पडतो? कोण येणार होतं मोजायला, रविवारी दुपारी, त्या चिमुकल्या गावात? आपल्याकडे पंगत भरली तरी "सरका हो जरा" म्हटलं की दोन पानं मांडली जातात. (आणि मग मठ्ठा शेवटपर्यंत पोचत नाही, हेही खरं. पण बसायला तर मिळतं!) मी बसले, नवरा फाटकाशी उभा राहिला. वीस मिनिटं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत ब्रेडला लोणी लावत होते.

एक जोडपं उठलं आणि हा एकदाचा आत आला. बाई स्वतःच तीन छोटे ग्लास घेऊन आल्या. तिन्ही रिसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या, आणि एकाच उतारावरच्या. गावामागचा तो उतार म्हणजे आपल्या गडाची शेवटची चढण, वर द्राक्षवेली. जमीन पाटीच्या दगडाची, लहानपणी ज्यावर अक्षरं गिरवली तोच दगड. दिवसभर तापतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. तिथे यंत्र चढत नाही, तोडणी हातानेच. बाई, त्यांचा मुलगा आणि सून.

नवऱ्याने पहिला ग्लास उचलला, 'ट्रोकन', म्हणजे कोरडी, गोडी जवळजवळ नसलेली. इथे आठ वर्षं काढल्यावर आम्ही दुसरं काही मागतच नाही. ऑफिसातल्या लोकांसमोर गोड वाइन मागितली की "काहीच कळत नाही वाटतं यांना" असं ते मनात म्हणतील, ही भीती. मीही तेच करते. दोष द्यायचा तर दोघांना द्या.

आता कबुली. माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची डबी होती. साधंसुधं खाणं म्हणजे चीज, ब्रेड, थंड मांस. मांस मी खात नाही, मग चीज-ब्रेड किती खायचं? लोण्यावर चिमूटभर चटणी पसरली, वर ट्रोकनचा घोट घेतला, आणि जिभेला चटकाच बसला. लसूण कडू, मिरची दुप्पट. बाईंनी पाहिलं. आता बाहेर काढतात, असं वाटलं. त्यांनी बोटाने चटणी चाखली, डोळे मिटले, ट्रोकनचा ग्लास बाजूला सारला आणि तिसरा पुढे केला, 'श्पेटलेझे', उशिरा तोडलेल्या द्राक्षांची.

पहिलीत 12 टक्के अल्कोहोल, हिच्यात 8. सगळी साखर आंबू न देता आंबवणं मध्येच थांबवलं की गोडी राहते आणि अल्कोहोल कमी होतं. तिखटावर अल्कोहोल म्हणजे आगीत तेल, साखर मात्र ती आग शांत करते. आणि मोझेलच्या द्राक्षाला आंबटपणा एवढा की गोडी पाकासारखी चिकटत नाही. पुढच्या घोटाला मिरची मागे सरली आणि भाजलेला शेंगदाणा पुढे आला, त्यामागे पिकलेल्या पीचचा वास. मी नवऱ्याला ग्लास दिला. तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा ब्रेडला चटणी त्यानेच लावली.

"तिखट खाणाऱ्यांनी ही घ्यायची," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचेच लोक ट्रोकन ट्रोकन करतात." हे ऐकून मला जरा जास्तच आनंद झाला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या जिभेने पीत होतो म्हणायचं.

निघताना सहा बाटल्या घेतल्या, सगळ्या श्पेटलेझे. फाटकाशी एक तरुण जोडपं उभं होतं आणि बाई त्यांना सांगत होत्या, एक जण बसा, एक जण थांबा. आम्ही उठलोच होतो की! पण आमच्या जागी आधीच दोघं बसले होते. मी मोजून पाहिलं. 39.

उरलेली चटणी मी बाईंना काढून दिली होती. त्यांनी डबी घासून, कोरडी पुसून परत दिली. रिकामी. त्यांना काय माहीत, म्हणा. पण क्षणभर रागच आला, आणि स्टेशनपर्यंत ती डबी बाटल्यांवर आपटून खडखडत राहिली.