मला ‘ब्यूबो’ का म्हणायचे

शाळेत मला नावाने हाक मारायचे ते फक्त शिक्षक. बाकीच्यांसाठी मी ‘ब्यूबो’. स्मरणिकेच्या निमित्ताने एकदाचा खुलासा करून टाकतो.

१९७८ साल, मी सातवीत. परळला चाळीमागे कबड्डी खेळताना पायात खिळा घुसला. आईने हळद भरली, तरी तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ. लंगडत वर्गात शिरलो.

“काय झालं रे?” विज्ञानाच्या सरांनी विचारलं.

“सर, अवधाण आलंय.”

वर्ग खिदळला. सर मात्र फळ्याकडे वळले आणि ‘बूबोन’ असं लिहिलं. ग्रीकमध्ये याचा अर्थ जांघ, आणि जांघेत आलेली गाठही. त्याचं लॅटिनमध्ये झालं ‘ब्यूबो’, आणि त्यावरून ब्यूबॉनिक प्लेग. खुद्द ‘प्लेग’ हा शब्द लॅटिन ‘प्लागा’वरून आलेला, प्लागा म्हणजे तडाखा. (घुबडाच्या शास्त्रीय नावातही ब्यूबो आहे, पण तो त्याच्या घुमण्यावरून पडलेला निराळा शब्द. हे पोरांना तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.)

पण जांघच का? सरांनी माझा पाय बाकावर ठेवायला लावला. प्लेग पसरवणारी पिसू बऱ्याचदा पायाला चावते. जंतू रसवाहिन्यांतून वर सरकतात आणि जांघेतल्या गाठींत अडतात. तिथे झुंज लागते, गाठ टरारून फुगते. चावा हाताला असेल तर काखेत. खिळ्याच्या जखमेचा रस्ताही हाच, जंतू तेवढे वेगळे.

मुंबईतल्या मांडवीत १८९६ साली डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्याच जानेवारीत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी भायखळ्याला ती आधी स्वतःला टोचून घेतली, हेही त्याच तासाला ऐकलं. हाफकिन संस्थेवरून तर आम्ही रोज शाळेत जायचो!

घरी आजीला सगळं सांगितलं. ती मूळची साताऱ्याकडची. उंदीर पडले की गाव सोडून रानात झोपड्या घालायचे, हे तिने आईकडून ऐकलेलं. ‘प्लेग’ म्हणायचं ती टाळायची. तिच्या तोंडी ‘गाठीची साथ’. ग्रीकांनी वेगळं काय म्हटलं होतं?

१९९४ मध्ये सुरतेतल्या फुप्फुसाच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि केमिस्टकडे त्यावरचं औषध टेट्रासायक्लिन मिळेना. मी तेव्हा पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. शेजारच्या काकू रोज रात्री नातवंडांच्या जांघा चाचपायच्या. फुप्फुसाच्या प्लेगात गाठ येईलच असं नाही, खोकला आणि ताप बघा, असं त्यांना परोपरीने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि पुन्हा धाकट्याची चड्डी खाली ओढली.