झटका तारेचं कुंपण करताय? आधी अर्थिंग बघा

माण तालुक्यात आमचं अडीच एकर रान, त्यातलं पाऊण एकर नुसता मुरूम, तिथं पीक कधी धड आलंच नाही म्हणून मारवेल गवत लावून चार गाया मोकळ्या सोडायचं ठरवलं. दावणीला बसून बसून एकीच्या गुडघ्यांना गाठी आल्या होत्या, ते बघवत नव्हतं. जाळीचं कंपाउंड परवडणारं नव्हतं, मग सोलर झटका मशीन (तारेत थांबून थांबून करंट सोडणारं), बारा व्होल्टची बॅटरी, अडीच एमएमची जीआय म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार आणि लोखंडी अँगल असं सगळं आणलं. कोपऱ्याचे अँगल काँक्रीटमध्ये आणि आतून तिरका टेकू दिला, कारण तार ताणली की पहिला कोपराच वाकतो. दोन पदर, एक गुडघ्याच्या जरा वर कालवडीसाठी आणि दुसरा तीन फुटांवर, गाय वास घ्यायला नाक पुढं करते त्या उंचीला.

दिवाळीनंतर सगळं झकास चाललं, पण मार्च संपता संपता आमची खिल्लार गाय तारेतनं सरळ चालत शेजारच्या तात्यांच्या मक्यात गेली, मशीनची टिकटिक चालू, बॅटरी फुल्ल, तार कुठं तुटलेली नाही, आणि मी आपला मशीन बिघडलं म्हणून दुकानात न्यायला निघालेलो!

बिघाड जमिनीत होता. करंट तारेतनं गाईच्या नाकात, तिथनं पायात आणि मग जमिनीतनं मशीनच्या अर्थिंगला, म्हणजे मशीनला जोडून जमिनीत ठोकलेल्या रॉडला, परत आला तरच झटका बसतो, अर्धं कुंपण म्हणजे ही जमीनच आहे. मुरूम उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो आणि फिटरने दोन फुटी एकच रॉड ठोकलेला.

तपासायचं असं. मशीन बंद करून लांबच्या टोकाला दोन-तीन पहारी जमिनीत रोवून तारेला टेकवायच्या, मशीन चालू करून कुंपणाचं व्होल्टेज मोजायचा टेस्टर अर्थिंगच्या रॉडला लावायचा. तीनशे व्होल्टच्या आत पाहिजे, माझ्याकडं अठराशे दाखवत होता.

मग गोठा धुतल्याचं पाणी जिथं मुरतं तिथं सहा फुटी तीन जीआय रॉड दहा-दहा फुटांवर ठोकले आणि एकाच तारेनं जोडले. घरच्या लाईटच्या अर्थिंगपासून ते लांबच ठेवायचे. शिवाय मधे तिसरा पदर ओढून तो अर्थिंगला जोडला, म्हणजे जमीन कोरडी असली तरी गाय दोन तारांत घुसली की झटका बसतोच.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, घरची लाईट थेट तारेला कधीच जोडू नका. झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, तेही क्षणभरच करंट सोडतं, म्हणून जनावर मागं सरतं. थेट लाईट धरून ठेवते. रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी माणसं गेलीत, आणि तो गुन्हा पण आहे. मशीन असलं तरी रस्त्याच्या बाजूला पाटी लावाच, शाळेची पोरं बांधावरनं जातात.

नवीन गाय आणली की पहिले दोन दिवस जवळ थांबायचं, घाबरून ती कधीकधी मागं न सरता पुढं उडी मारते. खिल्लार आता तारेपासून दोन हात लांब चरते. पावसाळ्यात गवत खालच्या पदराला टेकलं की व्होल्टेज उतरतं, त्यामुळं दर पंधरा दिवसांनी विळा घेऊन तारेखालनं एक फेरी मारावीच लागते, आणि वीज कडाडायला लागली की मशीनची तारेकडची वायर काढून ठेवतो.