एकदांडीचा पाला
आज पेडण्याला मामाकडे बांधावरचं गवत काढायला गेलो नि विळा सटकन बोटावरच, रक्त काय थांबेना, मी मोबाईलवर फार्मसी किती लांब ते बघतोय तोवर मामीने तिथलाच एकदांडीचा पाला ओरबाडला, तळहातावर चोळून रस पिळला, असा झोंबला म्हणून सांगू! पण थांबलं मरे रक्त.

तीच ती, लांब दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पाच-सहा पांढुरक्या पाकळ्या नि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. दगडीपाला, कंबरमोडी पण म्हणतात. इतकी आपली वाटते, पण मूळची अमेरिकेतली हां!

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र संध्याकाळी घेतलंच. मामी म्हणते, "भित्रा रे तू."