आधी चित्र, मग प्रश्न

मी सायन्स शिकवते. गेल्या शनिवारी आमच्या चित्रकलेच्या मॅडम आणि मी सातवीच्या पोरांना ऐरोलीला खाडीवर घेऊन गेलो, आणि पहिला अर्धा तास मी काहीच शिकवलं नाही, फक्त वही-पेन्सिल घ्या आणि समोर दिसतंय ते काढा. एकीने तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेले खिळ्यासारखे कोंब वहीत एकेक करून काढले आणि मग विचारलं, "टीचर, ही मुळं उलटी का वाढतात?" चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो म्हणून ती वर येऊन हवा घेतात, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय, पण हा प्रश्न कधीच आला नव्हता हो! मग सगळ्यांनी तिवराच्या पानावर बोट फिरवून चाटलं. खारट!

शाळेत फ्लेमिंगो रंगवताना गुलाबी कुठला घ्यायचा यावर वाद. तेव्हा सांगितलं, पिल्लू राखाडी असतं, गुलाबी रंग येतो तो खाण्यातल्या शेवाळातून. एकजण लगेच, "मग खाडी घाण झाली तर?"

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, तेही त्यांना तेव्हाच सांगितलं. आता चित्रकला आणि सायन्सचे तास जोडून मागितलेत, बघू.